आधी रेझिन, मग घासणं

माझी थोरली बहीण आयुष्यभर दगड घासत आली, हे लोकांना सांगताना मला आधी लाज वाटायची आणि नंतर चीड यायची. लाज अशासाठी की ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई बांधकामावर आहे. चीड अशासाठी की खरं काय ते समजावून सांगितलं तरी त्याचा चेहरा तसाच राहायचा. कॉलेजच्या भूशास्त्र विभागात ती दगडांच्या स्लाइड्स करायची. म्हणजे दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि मग ती घासत सुटायचं, पार दगडातून उजेड पलीकडे जायला लागेपर्यंत. तीस मायक्रॉन जाडी, म्हणजे कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. त्याहून जरा जास्त हात चालला की दगड गायब, समोर नुसती काच. "याला नोकरी म्हणतात?" असं मी तिला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. ती म्हणाली, "पगार देतात, म्हणजे नोकरीच असणार."

विभागात तिला सगळे मायक्रॉनबाई म्हणत. हे नाव कौतुकाचं की टिंगलीचं, ते म्हणणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असे. ती दोन्हीला सारखीच ओ देई. भावोजी अचानक गेले तेव्हा पोर मांडीवर होती. कुणाच्या तरी ओळखीने ताई तिथे काचेची भांडी विसळायच्या कामावर लागली. तळघरात स्लाइड्स करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली कुणी टिकत नसे, कारण ते दिवसच्या दिवस एक शब्द बोलत नसत. ताईलाही बोलायची हौस नव्हती, त्यामुळे दोघांचं छान जमलं. म्हातारे निवृत्त झाले तेव्हा त्यांचा ॲप्रन खुंटीवर राहिला आणि काम तिच्याकडे आलं. कुणी नेमलं नाही आणि कुणी हटकलंही नाही.

ते तळघर मी पाहिलंय. भिंतीला लागून लांब ओटा, एका टोकाला पाण्यावर चालणारी करवत आणि पुढे ओळीने जाड काचेचे पाटे. प्रत्येक पाट्याची पावडर वेगळी. पहिली वाळूसारखी खरखरीत, शेवटची पिठाहून मऊ. प्रत्येकीचा डबा वेगळा, तसराळं वेगळं, ब्रश वेगळा, फडकं वेगळं. एका पाट्यावरून दुसऱ्याकडे जाताना ताई कोपरापर्यंत हात धुवायची आणि नखं ब्रशने घासायची. जाड पावडरीचा एक दाणा बारीक पावडरीत शिरला तरी स्लाइडवर ओरखडा उठतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. ही शिस्त तिने घरीही आणली. चहाचा चमचा साखरेच्या डब्यात गेलेला तिला खपत नसे. ती माझ्या स्वयंपाकघरात शिरली की मी सरळ दुकानात जाऊन बसायची.

दुकान म्हणजे माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान, आमच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर. वर ताई आणि तिची मुलगी, शेजारच्या खोल्यांत मी. मी लग्न केलं नाही, डागांशीच संसार केला. शाई, तेल, गंज, रक्त, कुठला डाग कशाने निघतो आणि कुठला कापड विरेपर्यंत निघत नाही, हे माझ्या बोटांना कळतं. "तू असलेलं घालवतेस, मी असलेलं दाखवते," असं ताई एकदा म्हणाली होती. एवढं लांबलचक वाक्य ती वर्षातून एखादं बोलायची, म्हणून लक्षात राहिलं.

तिच्या कामाचा क्रम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. टणक दगड आला तर तो आधी पाट्यावर घासून सपाट करायचा आणि मग काचेवर चिकटवायचा. चिखलाच्या दगडाचं तसं नसतं. समुद्राच्या नाहीतर तळ्याच्या तळाशी बसलेला गाळ दाबला जाऊन तो झालेला असतो, त्यामुळे ठिसूळ आणि आतून बारीक भोकांनी भरलेला. तो आधी रेझिनमध्ये बुडवायचा. रेझिन मधासारखं दाट असतं, भोकाभोकांत शिरतं, रात्रभरात काचेसारखं घट्ट होतं. त्यानंतरच दगड पाट्यावर घ्यायचा. उलटं केलं तर पावडर भोकांत जाऊन बसते आणि वरून रेझिन भरलं की कायमची कोंडली जाते. मग ती दगडात मूळची होती की घासताना आली, हे कुणालाच सांगता येत नाही. भाची लहानपणी शाळा सुटली की तळघरातच अभ्यासाला बसायची. पाढ्यांच्या आधी तिला हे पाठ झालं होतं, आधी रेझिन, मग घासणं.

पुढे ती त्याच विभागात शिकली, बाहेर जाऊन मोठी पदवी घेऊन आली आणि तिथेच शिकवायला लागली. नोकरी अजून पक्की नव्हती. तिचे दगड आईच घासायची. एकीने आणून द्यायचे, दुसरीने त्यातून उजेड जाईपर्यंत पातळ करायचे आणि पहिलीने त्यात डोकं घालून बसायचं. मला हे पाहून भरून यायचं. पण बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण अशा वेळी त्या दोघी माझ्याकडे नुसत्या बघत राहायच्या.

भाचीचा विषय होता जमिनीत खोल नळी खुपसून काढलेला दगडाचा एक लांब दांडा. त्यात मधेच चिखलाचा काळा पट्टा होता. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी एकाएकी तापली, हवेत कार्बन वाढला, समुद्र बिघडला, त्या काळाचा तो पट्टा. हे सगळं निसर्गानेच केलं असं सगळे धरून चालतात आणि तसं मानायला कारणंही आहेत. पण भाचीने एकदा वर्गात गमतीने विचारलं, तेव्हा आपल्यासारखं कुणी असतं आणि आपल्यासारखाच कोळसा जाळून त्यांनी हे केलं असतं, तर आज ते आपल्याला कळलं असतं का? मुलं हसली. तिला मात्र त्या प्रश्नाने झोपू दिलं नाही.

जेवायच्या टेबलावर तिने हे काढलं तेव्हा मी तिला उडवून लावलं. "कळणार नाही कसं? एवढी शहरं, पूल, धरणं. कुठे जातील?"

"सगळं जाईल, मावशी. डोंगर झिजून समुद्रात जातात. समुद्राचा तळसुद्धा सरकत सरकत जमिनीखाली जातो आणि वितळतो. कोट्यवधी वर्षं राज्य केलेल्या प्राण्यांची हाडं आपल्याला मोजकीच सापडतात. आपला तर सगळा इतिहास मिळून बोटभर जाडीचा थर होईल. तोही कुणाला सापडला तर."

"आणि त्यात काय उरेल?"

"घाण. न विरघळणारी. प्लास्टिकचे कण, राख, खतांनी बदललेली माती. भट्टीत केलेल्या काही गोष्टी, ज्या निसर्ग करत नाही."

ताईने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "नावं?"

"नावं नाहीत गं आई."

"हं," म्हणून ताई ताटल्या उचलायला लागली. मी म्हटलं, बरं झालं, निदान दुकानात कपडे टाकून वर्षवर्ष न नेणाऱ्यांची आठवण तरी पुसली जाईल. भाची हसली. ताईचं लक्ष नव्हतं.

लक्ष नसणं हे तिच्या बाबतीत नवीन होतं. निवृत्तीचं वय उलटलं होतं, पण दुसरं कुणी मिळेना म्हणून कॉलेज तिला वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवत होतं. त्या सुमाराला ती एकाच सकाळी दुकानात येऊन त्याच स्वेटरची चौकशी पुन्हा करायला लागली. सूपमध्ये मीठ दोनदा पडायचं. एकदा मी तिला जिन्याच्या मधल्या वळणावर उभी पाहिली. वर जायचं की खाली, हे तिला ठरवता येत नव्हतं. मी विषय काढला तर म्हणाली, "वय झालं. तुझंही होईल." भाची कामात गळ्यापर्यंत बुडालेली होती. आणि तळघरात ताईचे हात चुकत नव्हते, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मग एका दुपारी भाची लॅपटॉप छातीशी धरून दुकानात घुसली. काउंटरवरचा कोट बाजूला सारून तिने मला एक चित्र दाखवलं. काळ्या चिखलात हिरवट चमकते दाणे, कडा धारदार. ते कार्बोरंडम होतं, सुरीला धार लावायच्या दगडात असतं ते. दुसऱ्या एका संस्थेतल्या यंत्रावर तिने खात्री करून घेतली होती.

"मग त्यात एवढं काय?" मी म्हटलं.

"निसर्गात हे जवळजवळ होत नाही, मावशी. भट्टीत करावं लागतं." ती थांबली. "कुणीतरी करावं लागतं."

खोटं कशाला बोलू, साडेपाच कोटी वर्षांपूर्वी कुणीतरी सुरीला धार लावत बसलंय, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. तरी मी विचारलं, "तुझ्या आईच्या पावडरीतही हेच असतं ना?"

"पहिला संशय तिच्यावरच घेतला. पण पावडर राहिली तर रेझिनच्या वर राहते, नाहीतर एखाद्या भेगेत. हे दाणे आत आहेत, रेझिनच्या खाली, भोकाभोकांत. आणि फक्त काळ्या पट्ट्यात. त्याच्या वरच्या आणि खालच्या थरांच्या स्लाइड्स स्वच्छ आहेत. आईने रेझिनच्या आधी घासलं असतं तरच असं झालं असतं. आणि आईचा क्रम चुकतो का?"

आम्ही दोघी वर गेलो. ताई शेंगा निवडत बसली होती. भाचीने दारातूनच विचारलं, "आई, काळ्या पट्ट्याच्या स्लाइड्स. आधी रेझिनच ना?"

"म्हणजे काय. आधी रेझिन."

ताईचा शब्द म्हणजे आमच्या घरात काळ्या दगडावरची रेघ. भाची समाधानाने परत पळाली. मी मात्र तिथेच होते, म्हणून पाहिलं. ताईच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली होती.

विभागप्रमुखांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. भाची स्वतः सावध होती. न घासलेला, न चिकटवलेला असा कच्चा तुकडा तिने दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवला होता. पण तिथे लांब रांग होती आणि विभागप्रमुखांना धीर नव्हता. त्यांनी जाहीर व्याख्यान ठरवून टाकलं, भिंतींवर पोस्टर लावले, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं. भाचीच्या पक्क्या नोकरीचा निर्णय त्यानंतर लगेच व्हायचा होता. व्याख्यान उत्तम झालं की पुढचं मी बघतो, असं ते म्हणाले होते. भाची आरशासमोर भाषण म्हणून बघायची. त्यात एक वाक्य असं होतं, की या स्लाइड्स करणाऱ्या हातांचा क्रम इतक्या वर्षांत एकदाही चुकलेला नाही. भिंत पातळ होती, मला ऐकू यायचं. ताईलाही यायचं.

ताई गप्प झाली. मुळातच न बोलणारं माणूस गप्प झालं हे कळायला बहीणच लागते. मग एक दिवस ती दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "माझ्याबरोबर तळघरात चल."

"आत्ता? माझी इस्त्री तापलीय."

"बंद कर ती. मी काय करते ते तू बघायचं आहे. मधेच विसरले तर सांगायला कुणी पाहिजे."

हे ऐकून मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि शटर ओढलं. रस्त्यात आम्ही बोललो नाही. तळघरात तिने काळ्या पट्ट्याचा उरलेला तुकडा काढला आणि करवतीवर त्याचे दोन भाग केले. एक सरळ रेझिनमध्ये बुडवला. दुसरा पहिल्या पाट्यावर ठेवून जाड पावडरीवर एकदा फिरवला, टणक दगडाला फिरवतात तसा, आणि मग रेझिनमध्ये टाकला. मी दोन्ही वाट्यांवर चिकटपट्टीने खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि तिने दोन्ही स्लाइड्स पुऱ्या केल्या. तेव्हा तिने मला दोनदा विचारलं, कुठली वाटी कुठली. हात तेवढे आपापले चालत होते, धुणं, पुसणं, पुढच्या पाट्याकडे जाणं. ते पाहून मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी भिंतीवरचे डबे मोजत बसले.

मग तिने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. पहिल्या स्लाइडमध्ये नुसता काळा चिखल. दुसरीत हिरवट दाणे, भोकाभोकांत नीट बसलेले, त्यांच्याभोवती घट्ट रेझिन. लॅपटॉपवर पाहिलेलं चित्र आणि हे, यात मला काडीचा फरक दिसला नाही. मला दगड कळत नाहीत, पण डाग कळतो.

"याचा अर्थ तू तसंच केलं होतंस असा नाही," मी म्हटलं.

"नाही. तसं केलं असतं तर असं दिसलं असतं, एवढाच अर्थ."

"मग केलं काय होतंस तू?"

तिने हात ओट्यावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "तो दिवस आठवतो. काळा दगड आठवतो. पोरगी दारात उभी राहून घाई करत होती ते आठवतं. आधी कुठला डबा उघडला, ते आठवत नाही. किती दिवस आठवून बघतेय. तिथे काहीच नाही."

मी तिला गप्प बसायला सांगितलं. स्पष्ट सांगते, मी तेच सांगितलं आणि आजही मला त्यात वावगं वाटत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेचं उत्तर आज ना उद्या येणारच होतं. तोवर भाषण होऊ दे, पोरीची नोकरी पक्की होऊ दे. नंतर दाणे खोटे निघाले तर निघाले, असं सगळ्यांचंच होतं. आणि तुला विसरायला होतं हे एकदा कळलं की ते लोक या तळघराला कुलूप लावतील, मग दिवसभर करशील काय? आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतेस?

"भाषणात ती म्हणणार, आईचा क्रम चुकत नाही," ताई म्हणाली. "माझ्या भरवशावर म्हणणार. आणि मला ठाऊकच नाही."

त्याच संध्याकाळी तिने दोन्ही स्लाइड्स भाचीच्या ताटाशेजारी ठेवल्या आणि कुठली कशी केली ते सांगितलं. भाचीने त्या दिव्यासमोर धरल्या आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"पण तू म्हणालीस ना, आधी रेझिन."

"म्हणाले. तसंच करते म्हणून म्हणाले. त्या दिवशी केलं का, ते मला आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे काय, आई? माझं सगळं त्याच्यावर..." भाचीचा आवाज चढला आणि मधेच तुटला. तिला तेव्हा दुसरी गोष्ट कळली. ती आईकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"ते आठवत असतं तर विसरणं कसलं," ताई म्हणाली. तिने विनोद केला होता बहुतेक. कुणी हसलं नाही. भाची उठून आईच्या खुर्चीशी खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दाण्यांसाठी ती रडत नव्हती, हे सांगायला नको.

भाचीने हे विभागप्रमुखांना सांगितलं. व्याख्यान रद्द करा, आजारी आहे म्हणून सांगा, असं त्यांनी सुचवलं. भाचीने ऐकलं नाही. सभागृह भरलं होतं. ताई आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. भाचीने पडद्यावर हिरवे दाणे दाखवले, लोक पुढे सरकले, आणि मग तिने सांगितलं की हे दाणे आमच्याच तळघरातले असावेत. ते दगडात मूळचे आहेत असं आता आपल्याला म्हणता येत नाही. एका सोप्या उलट क्रमाने ते आत कसे कोंडले जातात, तेही तिने दाखवलं. सभागृहात कुजबुज झाली. मागे कुणीतरी उठून गेलं. भाची बोलत राहिली. ती म्हणाली, आपल्या आधी कुणी होऊन गेलं असेल तर त्यांची घरं उरणार नाहीत, भाषा उरणार नाही, ते एकमेकांना काय म्हणत होते ते उरणार नाही. उरलंच काही, तर ते असं असेल, कुणाच्या तरी कामाची पावडर, जिथे जायला नको तिथे गेलेली. म्हणून हे शोधणाऱ्याने आधी स्वतःचे हात तपासले पाहिजेत.

वर्तमानपत्रवाल्यांपैकी एकाने विचारलं, "मग ही चूक कुणाची?"

विभागप्रमुखांनी भाचीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझी. संशोधन माझं, जबाबदारी माझी."

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. ताई उभी राहिली होती. तिला एवढ्या लोकांत बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी तिचा हात धरून खाली ओढायला गेले, तर तिने हात सोडवून घेतला.

"स्लाइड्स मी केल्या," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सभागृह गप्प झालं होतं. "आधी घासलं आणि मग रेझिन भरलं. उलटं झालं. मला आठवत नाही, पण त्या पाट्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. मला आता विसरायला होतं. तिला हे माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं."

"ठीक आहे, ठीक आहे, बसा तुम्ही," विभागप्रमुख म्हणाले.

ती बसली नाही. "हे कुठे लिहिणार असाल तर माझं नाव घाला. तिचं घालू नका."

तिच्या हातच्या स्लाइड्सवर कितीतरी लोक मोठे झाले होते. त्यांच्या लेखांत दगडाचं नाव असे, गावाचं असे, यंत्र कुठल्या कंपनीचं तेही असे. स्लाइड करणाऱ्याचं नाव घालायची पद्धतच नव्हती आणि तिने ते कधी मागितलंही नव्हतं. आता मागितलं ते या चुकीवर.  भाची पडद्याशेजारच्या फळ्याकडे वळली आणि तिने हिरव्या दाण्यांच्या बाजूला आईचं नाव लिहिलं, भावोजींच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्या अक्षरांत. मला तेव्हा अभिमान वाटला की दुःख, ते आजही सांगता येत नाही.

ताई खाली बसली. फळ्याकडे बघत तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "हे मी विसरणार आहे," ती म्हणाली. "मी उभी राहिले होते म्हणून तू मला सांगशील ना?"

"सांगेन," म्हटलं.

पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेचं उत्तर आलं. कच्च्या तुकड्यात दाणे नव्हते. कॉलेजने तळघर बंद केलं. स्लाइड्स आता बाहेरून करून आणतात. भाचीची नोकरी बरीच उशिरा पक्की झाली. घरी ताईचा एकेक धागा सुटत गेला. आधी रस्ते गेले, मग वस्तूंची नावं, मग आम्ही. भाचीला ती कधी ओळखते, कधी ओळखत नाही. मी सकाळी दुकान उघडायच्या आधी तिच्याजवळ बसते आणि कबूल केल्याप्रमाणे तिला सांगते. एक बाई होती, दगड घासायची, एकदा तिच्या हातून क्रम उलटा झाला, ते तिला आठवत नव्हतं तरी भरल्या सभेत उठून तिने ते सांगितलं आणि आपलं नाव लिहायला लावलं.

ती दर वेळी लक्ष देऊन ऐकते. परवा ऐकून झाल्यावर म्हणाली, "बरं केलं तिनं." मग जरा वेळाने माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या ओळखीची होती का हो?"

मी तिचे हात माझ्या हातांत घेतले.

"होती," म्हटलं. "माझी थोरली बहीण."